रुखमाबाईची घागर

कंदील जरा बारीक करा गा, कायले तेल जाळता. बसा जवळ. ही गोष्ट उकंडानं मले सांगितली, अन् सकाळचं तर म्या सोता पाह्यलं.

दारव्हा ते बोरी अरब रस्ता तुमच्या पायाखालचा आहे. निंबापाशी तो दर पावसाळ्यात बसते. कितीही मुरूम टाका, बसतेच. अठ्ठावन सालच्या उन्हाळ्यात बांधकाम खात्याचे साहेब आले. म्हणे, खालची माती पाहू. कमरेइतका खड्डा खणला. वरचा मुरूम सरला की निव्वळ काळी माती. साहेबानं उकंडाले सांगितलं, सांजच्याले खड्डा पाण्यानं भर, रातभर राखण कर, सकाळी किती पाणी मुरलं ते पाहू. आता ओली झालेली काळी माती पाणी धरून ठेवते, खाली जाऊ देत नाही, हे तर शेतावरच्या लेकरालेबी ठाऊक.

उकंडा रस्त्यावरचा मजूर. निंबाजवळ घर एकच, रुखमाबाईचं. म्हातारी एकटी. तिचा पोरगा नागोराव ह्याच रस्त्याच्या भरावावर कामाले गेलता, तो परतलाच नाही. मुकादम म्हणे, पळाला नागपूरले. तवापासून म्हातारी दाराले कडी लावत नसे. आखाजीले, म्हणजे अक्षय तृतीयेले, बाया मेलेल्यायच्या नावानं घागर भरत. तिले म्हणल्या, नागोच्या नावानं भर. तिनं नाही भरली. जित्या लेकराले असं पाणी देतेत काय, म्हणे.

पोराची एक खोड मात्र हासून सांगे. पाणी पेला की रिकामी घागर पालथी ठेवे. मयताच्या घरी ठेवतेत तशी काहून ठेवतं रे मुडद्या, म्हणून ती रागावे.

त्या दिवशी आखाजीच होती. पण दीक्षा घेतल्यापासून आपल्या वस्तीत पित्तरपाणी सुटलतं, उकंडाले दिवसाचं भानच नव्हतं. त्यानं म्हातारीची घागर मागितली, पाणीबी तिच्याच विहिरीचं.

ती म्हणे, "सांभाळून आण बाबू. नागोची आहे."

तिजेची कोर निंबामागं उतरली. उकंडानं घागर ओतली. पाणी गेलं. आणखी ओतली. गेलं. काळी माती असं पाणी पीत नाही, राजेहो... मंग खड्ड्यातून आवाज आला. तहानलेला बैल हौदावर पिते ना, तसा. घोट... घोट...

उकंडानं कंदील खाली धरला.

माती कोरडी होती.

त्याचा हात थांबला. आवाजबी थांबला. वारा नाही. किडा बोलत नाही.

मंग खालून, हळूच...

"अजून... माय."

घागर तिथंच, कंदील तिथंच. उकंडा धावत माह्या घरी आला. रातभर तिथून हालला नाही.

उजाडल्यावर आम्ही दोघं गेलो. कंदील जळत होता. खड्डा कोरडा. घागर नव्हती. साहेबानं तिथंच आणखी पुरुषभर खणून पाह्यलं. माती सोडून काही नाही.

घागर हरवली, हे सांगाले रुखमाबाईकडे गेलो. ती दारात बसून होती.

ओट्यावर घागर होती. पालथी.

ती म्हणे, "रात्री पावलं वाजली. मले वाटलं उकंडा आला ठेवाले." मंग त्याच्याकडे पाह्यलं. "तू ठेवली ना रे, बाबू?"

उकंडा मागं सरला.

म्हातारीनं दोन्ही हातानं घागर उचलली. तिचा ओटा, आंगण, सारं लाल मुरमाचं. वैशाखातलं, फुफाट्यासारखं कोरडं. अन् घागरीखाली काळी माती. गोल. ओलीचिंब.

तिनं ती कोणाले पुसू दिली नाही. त्या रात्री पहिल्यांदा तिनं दाराले कडी लावली.

ती गेली, घर पडलं. ओटा आहे. उद्या उजेडात पाहून या... माती आजबी ओली आहे.