बारा नंबरचा चॅनल

टेबलावर सात हँडसेट होते, सात चार्जर, आठ बॅटऱ्या, दोरीला बांधलेलं एक पेन आणि अर्धा कप गार झालेला चहा. टेपने दोनदा मोजलं.

"आठवी बॅटरी कुणाची?" तिने विचारलं.

"भुताची!" भोंगा म्हणाला.

भोंगा हा टेपचा धाकटा भाऊ. त्याने कानात सांगितलेलं गुपितही पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. टेपच्या खिशात कायम पाच मीटरची मोजपट्टी असायची, म्हणून ती टेप. आणि खुर्चीवर गुडघे टेकून हँडसेटच्या पडद्यांकडे टक लावून बसलेली चिंगळी ही त्यांची मामेबहीण. सुट्टीत टेप आणि भोंगा मामाकडे, म्हणजे चिंगळीच्या घरी, आले होते आणि मामा म्हणजे रेडिओ क्लबचा जीव.

आज क्लबला मोठं काम होतं. डोंगरचाल स्पर्धेत एकेचाळीस जण सकाळी वर गेले होते. डोंगराच्या मागच्या अंगाला, जिथे मोबाइल चालत नाही, तिथल्या पाण्याच्या टाकीपाशी मावशी बसली होती, स्वतःचा हँडसेट घेऊन. ती टेप-भोंगाची मावशी, चिंगळीची आत्या. टेबलावरचे हँडसेट दुपारी परतीच्या वाटेवरच्या स्वयंसेवकांना द्यायचे होते. मामा मात्र नेमका आज दाताच्या डॉक्टरांकडे अडकला होता. सगळी सूत्रं क्लबच्या सचिवकाकांच्या हातात होती.

"ती बॅटरी तुमच्या मावशीची," सचिवकाका म्हणाले. "जास्तीची न्यायची विसरली. तरी मी म्हटलं होतं!"

तेवढ्यात एक हँडसेट खरखरला.

"खालचं केंद्र, खालचं केंद्र! मी टाकीवरून बोलतेय. माझ्याकडे चाळीस जण येऊन पुढे गेले. एकेचाळीस नंबर आलेला नाही. तो खाली परत आलाय का?"

काकांनी बटण दाबलं. "आलाय, आलाय! पाय मुरगळून परत आलाय. काळजी नको!"

बाहेर बाकावर पाय वर ठेवून बसलेल्या बेकरीवाल्याने आत डोकावून पाहिलं. त्याच्या छातीवर एकेचाळीस नंबर होता. "मला कोण शोधतंय? मी तर इथेच आहे!"

हँडसेट पुन्हा खरखरला. "खालचं केंद्र, कुणी ऐकतंय का? उत्तर द्या!"

काकांनी पुन्हा सांगितलं. मग आणखी एकदा, जरा ओरडून.

"कुणाचाच आवाज येत नाहीये," मावशी म्हणाली. आवाज शांत होता, पण टेपला तो ओळखीचा नाही वाटला. "इथे धुकं उतरलंय. दोन हातांपलीकडचं दिसत नाही. साडेअकरापर्यंत उत्तर आलं नाही, तर मी त्याला शोधायला दगडखाणीच्या बाजूला उतरतेय."

टेपने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून आठ मिनिटं. दगडखाण म्हणजे सरळ तुटलेला कडा, आणि त्याला कठडा नाही.

"बॅटरी!" काका म्हणाले. "उतरली असणार. बॅटरी उतरली की ऐकू येणं बंद होतं."

"पण काका, बोलायला ऐकण्यापेक्षा जास्त वीज लागते," टेप म्हणाली. "उतरली असती तर आधी तिचं बोलणं बंद झालं असतं!"

"तू मला रेडिओ शिकवणार? मग तिने आवाजाचं बटण बारीक केलं असेल. बायकामाणसांचं..."

"काका!" तिघं एकदम म्हणाली.

"बरं बरं. मी कुणाला तरी वर पाठवतो."

"वर जायला सव्वा तास लागतो!" भोंगा म्हणाला. त्याने मामाला फोन लावला. फोन दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी उचलला. "ते बोलू शकणार नाहीत हो. तोंडात दोन हत्यारं आहेत आणि माझा हात आहे."

सचिवकाका वर जाणारा माणूस शोधायला अंगणात धावले. टेप टेबलाशीच उभी राहिली. काहीतरी विचित्र होतं. मामाबरोबर ती कितीदा इथे बसली होती, आणि दर वेळी बटण सोडल्यावर एक छोटासा आवाज यायचा. आज तो आलाच नव्हता.

"चिंगळे, तुझा बाबा बोलून बटण सोडतो तेव्हा काय होतं?"

"खर्रर... टुक!" चिंगळीने तत्काळ नक्कल केली. "पलीकडच्या टेकडीवरचा, आपला आवाज पुढे पाठवणारा रिपीटर म्हणतो, ऐकलं बरं का!"

"आज खर्रर टुक झालं?"

चिंगळीने डोळे मोठे केले. "नाही!"

"भोंग्या, दोन नंबरचा हँडसेट घे आणि समोरच्या गोदामापाशी जाऊन बोल. हळू बोल, नाहीतर रेडिओशिवायच ऐकू येईल!"

भोंगा धावला. चिंगळी खिडकीतून पाहत होती. "बोलतोय तो! तोंड हलतंय!"

टेपच्या हातातला हँडसेट मुका होता.

"मावशीच्या बॅटरीचा इथे काय संबंध?" ती जवळजवळ ओरडली. "गोदाम पन्नास पावलांवर आहे! आपणच मुके आहोत!"

तिने भिंतीवरची मामाची वही काढली. मामाचं अक्षर मुंग्यांसारखं, पण ओळी नीट होत्या. *चॅनल बारा. रिपीटर एका लहरीवर ऐकतो, दुसऱ्या लहरीवर बोलतो. त्याला आपल्या आवाजाखाली बारीक गुणगुण लागते, टोन ८८.५. टोन नसेल तर तो आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही. पडद्यावर दुसऱ्या लहरीचं वजाचं चिन्ह आणि टोनचा T, दोन्ही हवेत.*

तिने पडद्याकडे पाहिलं. वजा होतं. T नव्हता.

"एकावरही नाही!" चिंगळीने सातही पडदे पाहून सांगितलं.

काका घाम पुसत आत आले. "अशक्य! काल मी स्वतः एका हँडसेटवर चॅनल बारा साठवला. टोन राहिला होता, तोही लगेच लावला. तुमच्या मामाशी बोललो, त्याने उत्तर दिलं. मग केबल लावून सगळे हँडसेट त्यावरून भरले. माझ्यासमोर चाललंय सगळं!"

"आधी साठवलात आणि मग टोन लावलात?" टेपने विचारलं.

"हो, मग?"

"टोन लावल्यावर परत साठवलात?"

काकांनी टेबलावरचा एक हँडसेट तिच्यापुढे सरकवला.

टेपने मेनू उघडला, टोन ८८.५ वर नेला. पडद्यावर T उमटला. मग तिने वरची चकती एक घर फिरवून तेरावर नेली, आणि परत बारावर आणली.

T गायब!

"लावलेलं आणि साठवलेलं, हे वेगळं असतं काका. चॅनल बदलून परत आलं की हँडसेट साठवलेलंच काढून देतो. टोन नसलेलं!"

काका मटकन खुर्चीत बसले. "आणि मी तेच सातांत भरलं..."

घड्याळात अकरा एकतीस झाले होते. हँडसेटमधून मावशीचा धापा टाकणारा आवाज आला. "खालचं केंद्र, मी निघालेय. खाणीच्या वाटेवर आहे."

टेपने पुन्हा मेनू उघडला. टोन. ८८.५. ठीक. T उमटला. भोंगा धावत आला आणि हँडसेट घ्यायला त्याने चकतीच धरली.

"हात काढ! फिरली तर गेलं सगळं!"

भोंग्याने पोळल्यासारखा हात मागे घेतला.

"काका, तुम्ही बोला. रेडिओवर बोलायचा परवाना तुमचा आहे."

काकांनी नकारार्थी मान हलवली. "मी शेजारी उभा आहे. तूच बोल. तुझा आवाज ती लगेच ओळखेल."

टेपने बटण दाबलं. "मावशी! एकेचाळीस नंबर खाली आलाय. सुखरूप आहे. तू आहेस तिथेच थांब! एक पाऊलही पुढे टाकू नकोस!"

तिने बटण सोडलं.

*खर्रर... टुक!*

चिंगळीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. टेप मोजत होती. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

"थांबले," मावशीचा आवाज आला. मग एक लांब श्वास. "टेप, तू आहेस होय गं! किती बरं वाटलं तुझा आवाज ऐकून. थांबले मी. इथल्या झुडपाला वाट दाखवायची केशरी फीत बांधते आणि जशी आले तशी टाकीवर परत जाते."

"आत्या, बॅटरी विसरलीस!" चिंगळी हँडसेटवर ओणवी होऊन ओरडली. सगळेच हसले, आणि बेकरीवाला तर मुरगळलेल्या पायावर उभाच राहिला.

पावणेबाराला मावशी टाकीवर पोहोचल्याचं कळलं. तेव्हा कुठे काकांनी तो गार चहा एका घोटात संपवला. मग ते टेपजवळ येऊन बसले. "आता मला साठवायला शिकव. आधी टोन, मग साठवणं, बरोबर?"

"बरोबर. आणि शेवटी चकती फिरवून परत यायचं. मगच विश्वास ठेवायचा."

दुपारी सुजलेला गाल घेऊन मामा आला. "शाब्बाश," तो कापसातून म्हणाला, निदान तसं ऐकू आलं. मग त्याने टेपच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. संध्याकाळी खाली उतरलेल्या मावशीने तिघांना एकदमच कवेत घेतलं. काका सर्वांसमोर म्हणाले, "चूक माझी होती. ती या तिघांनी शोधली, आणि मी मावशीला नावं ठेवत बसलो होतो." मावशीने त्यांना आठवी बॅटरी दाखवली. "विसरले होते, हे मात्र खरं!"

दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. मामा, मावशी आणि तिघं मुलं खाणीच्या वाटेवर गेली. झुडपाला बांधलेली केशरी फीत लांबूनच दिसली. मामाने टेपच्या कमरेला दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं. भोंग्याने मोजपट्टीचं टोक फितीशी धरलं. टेप पोटावर सरकत कड्यापर्यंत गेली आणि पट्टीवरचा आकडा मोठ्याने वाचला.

तीन मीटर चाळीस सेंटिमीटर.