फोटोची कापलेली बाजू

बारामतीहून इंदापूरला जाणारी एसटी अर्धी रिकामी होती, तरी तो तरुण येऊन नेमका माझ्या पलीकडच्याच बाकावर बसला. मी मांडीवरच्या साप्ताहिकात पेन्सिलीनं रेघा ओढत होते. लेख वाचकाला कसा पटवतो ते शोधून आणा, असं कॉलेजात सरांनी सांगितलं होतं. पण खरं तर मला राग आला होता.

"पेपरवर एवढा राग?" तो डोकावला.

"बघा की! मेंढरं आमची ऐंशी, तर म्हणे 'टोळधाड'. रानात बसली की 'आक्रमण'. आन् ह्या फोटोची उजवी बाजू कापलीय."

"कशावरनं?"

"तितं शेताचे मालक उभे होते. खतासाठी त्यांनीच मेंढरं बसवायला बोलावलं, माझ्या वडलांना, अप्पांना, ज्वारी दिली. मी तितंच होते! लेख आल्यापासनं अप्पांना कुणी रानात बोलवत न्हाय. असंच चाललं तर मेंढरं विकावी लागतील."

तो खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिला. कान मात्र लालेलाल.

"ते मालक... माझे आबा. आन् लेख मी लिहिलाय. संपादकांनी तिखट मागितलं, मी वाहवत गेलो."

मी गारच पडले! पण माघार कोण घेतंय? "मग आता गोड लिहा," मी फणकारले.

"न्हाय. नुसतं खरं लिहितो."

पुढच्या अंकात अख्खा फोटो आला. खाली चारच ओळी—शेत कुणाचं, मेंढरं कुणाची, बोलावलं कुणी, आणि चूक माझी: यशराज. मी पेन्सिल घेऊन बसले, पण रेघ मारायला शब्दच सापडेना. आठवड्यात सुपे गावातून अप्पांना मेंढरं बसवायला दोन बोलावणी आली. तेव्हाच तो मला आवडला, उगाच कशाला लपवू?

शनिवारी तो इंदापूरच्या स्टँडवर उभा होता.

"म्हाळसा... एक सांगायचं हाय."

"नाव कुणी सांगितलं?"

"आबांनी."

"बरं, सांगा. विशेषणं नकोत."

"मला तुमी आवडता."

"पुरावा?"

त्यानं शर्टाच्या खिशातून एक अरुंद तुकडा काढला. फोटोची कापलेली बाजू! आबा, अप्पा आणि कडेला हसणारी मी. कोपरे पार मऊ पडलेले.

"अख्खा फोटो दुसऱ्या प्रतीवरनं छापला. ही बाजू कापली त्या दिवसापासनं खिशात हाय. एसटीत चढल्या चढल्याच ओळखलं तुमाला."

मी तो तुकडा उलटसुलट करून पाहिला. खोट काढायला जागाच नव्हती. मग माझ्याच हातानं तो परत त्याच्या खिशात ठेवला.