शामाचा चेहरा

आंबवलेल्या भाकऱ्यांचे गोळे उन्हात फुगायला ठेवले होते आणि मी अंगणात माश्या हाकत बसले होते.

"नादरा, जरा आत ये गं," नवऱ्यानं, शहातनं, त्याच्या दगडी मूर्तींच्या कारखान्यातून हाक मारली. "आईला नको आणूस."

उसाच्या शेतांपलीकडचे दोन दगडी राजे पाहिलेत ना तू? हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच राजाच्या दोन भल्यामोठ्या मूर्ती त्या. आम्ही त्यांना शामा आणि तामा म्हणतो. दोघांचीही तोंडं फुटलेली. कान जागेवर, मध्ये नुसता उखडलेला दगड. एका परदेशी कंपनीनं व्हिडिओ गेम काढला होता, त्यात शामा उठून चालतो म्हणे. खेळाच्या शौकिनांना काचेच्या कपाटात ठेवायला हातभर उंचीचा शामा हवा होता. मूळ नमुना शहातनं दगडात घडवायचा, त्यावरून साचा काढून ते पुढं हजारो मूर्ती ओतणार. अट एकच, चेहरा अखंड हवा. कसा, ते तुम्हीच ठरवा म्हणाले.

धड केव्हाच झालं होतं. चेहरा काही जमत नव्हता. त्या दुपारी जमला.

मी पाहिलं आणि नकळत ओढणी सावरली. खोलीत परका पुरुष बसलेला असावा, तशी.

"कोणाचा हा?"

"ठाऊक नाही. हात चालत गेला." शहातनं बोटानं दाखवलं. "ही डावी भुवई बघ. खाच दिसते? इथं मी छिन्नी लावलेलीच नाही."

मागं पेले किणकिणले. सासूबाई चहाचं तबक घेऊन दारात उभ्या होत्या. तबक त्यांनी खाली ठेवलं, मूर्तीजवळ आल्या, त्या खाचेवरून अंगठा फिरवला.

"खलफ…" त्या पुटपुटल्या.

खलफ म्हणजे त्यांचा थोरला. शहात जन्मायच्या आधीच तापानं गेला, एवढासा होता. म्हणून तर धाकट्याचं नाव शहात ठेवलं, म्हणजे भिकारी. असल्याला कशाला न्यायचं, असं मृत्यूला वाटावं म्हणून.

"जात्यावर पडला होता. भुवई फाटली होती," त्या म्हणाल्या. "मोठा झाला असता तर… असाच दिसला असता."

त्या दिवसापासून त्या मूर्तीसमोरून हलेनात. तिच्यापुढं ताट वाढायच्या, हळू आवाजात काहीबाही सांगत बसायच्या. आम्हाला आधी हसू यायचं.

"काय गं युम्मा," शहातनं आईची चेष्टा केली, "थोरल्याला मुलुखियाची भाजी आवडली का? की मीठ कमी पडलं?"

सासूबाईंनी वर पाहिलं. डोक्यावरचा काळा कपडा तोंडावर ओढला.

"तुम्ही कोण, भाऊ? घरात असे न विचारता कसे आलात?"

शहात हसला. मग त्याचं हसू जागच्या जागी विरलं. "युम्मा… मी शहात."

"मला एकच मुलगा आहे," त्या शांतपणे म्हणाल्या आणि मूर्तीकडं वळल्या.

वेड लागलं म्हणावं, तर बाकी सगळं धड होतं. शेजारणीशी बोलायच्या, मला कामं सांगायच्या. फक्त पोटच्या पोरापासून तोंड झाकायच्या. एक दिवस दाढी करता करता शहातचा हात आरशासमोर थांबला.

"नादरा, माझे डोळे असेच होते का गं?"

मी बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती… आणि मला सांगता येईना.

तो उठला तो तडक कारखान्यात गेला. हातोडी उचलली. सासूबाई त्याच्या दंडाला लोंबकळल्या. "नका हो! पाया पडते तुमच्या, माझ्या लेकराला मारू नका!"

त्यानं डोळे मिटून घाव घातला. चेहरा अख्खाच्या अख्खा निखळला, खऱ्या शामासारखा. पण दगड फुटल्याचा आवाज आला नाही. कोंडलेला श्वास कुणीतरी सोडावा, तसं काहीतरी ऐकू आलं. ओल्या मातीचा वास खोलीभर पसरला.

सासूबाई खाली बसल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "शहात, हाताला लागलं का रे तुझ्या?"

तिघंही रडलो आम्ही. मूर्ती तशीच पाठवली. कंपनीला उलट आवडली, मूळ पुतळ्यासारखीच आहे म्हणाले.

सुटलो, असं वाटलं.

मग एकदा जेवताना नवऱ्यानं भाकरीला डावा हात घातला.

"अहो, उजव्या हातानं जेवा ना," मी म्हटलं. तो गोड हसला. हात बदलला. जरा वेळानं पुन्हा डावाच पुढं आला. आता तर हातोडीही तो डाव्या हातानं चालवतो. काम सुरेख करतो. माझ्याशी पूर्वीपेक्षा मायेनं वागतो.

परवा सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"डाव्या हातासाठी किती मारलं होतं मी खलफला… सुटली नव्हती सवय." मग माझ्या कानाशी तोंड आणलं. "नादरा… माझा शहात कुठं गेला गं?"

बाहेर हातोडी चालू होती. मी दाराशी गेले. नवऱ्याला कधी नावानं हाक मारली नव्हती, ती मारली.

"शहात…"

हातोडी थांबली नाही. आणखी मोठ्यानं मारली, तरी नाही.

दुसरं नाव घेऊन मी पाहिलेलं नाही. अजून तरी.