साहेबाच्या वतीने

कोहिमाहून मणिपूरकडे जाणारी तार त्सेमोमा गावाच्या भातखाचरांवरून जात असे. गावाला तिचा उपयोग एकच होता: तिच्यावर बसलेली पाखरे गलोलीने सहज टिपता येत. सरकारच्या लेखी मात्र ती तार आणि तिच्याखालून जाणारे मिठाचे व्यापारी यांचे रक्षण करणे, एवढ्यासाठीच आमचे डोंगर निर्माण झाले होते. मी, लेविली, साहेबाच्या कचेरीत दुभाषी होतो. मला लाल शाल मिळे, आणि साहेबाचे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडत.

त्या वर्षी भात कोठारांत भरून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा तार तुटली. वादळात एक जुने झाड तिच्यावर उन्मळून पडले होते. मी ते पाहिले, साहेबानेही पाहिले. पण घेवरचंद नावाच्या मिठाच्या व्यापाऱ्याने, तार गावानेच तोडली, असा अर्ज वरिष्ठांकडे धाडला होता.

“हुजूर, झाड काय आपणहून पडतं?” तो साहेबाला म्हणाला. “या लोकांना धाक नाही. आज तार, उद्या माझे बैल.”

साहेबाने गावाला तीन दिवस दिले. तार जोडा, खांब उभे करा. मग गावाला कोणी हात लावणार नाही.

गावचा म्हातारा रुलेल्हो हा माझी बायको खोनुओ हिचा बाप. साहेबाचे बोलणे मी सांगितल्यावर तो म्हणाला, “शब्द वाऱ्यावर जातो. लोखंड कापू या.” आमच्यात वचन असेच देतात. लोखंडाचा तुकडा दोघांनी दोन टोकांना धरायचा, तिसऱ्याने मधोमध कापायचा, आणि वचन मोडील तो असाच तुटो, असे म्हणायचे. गावाने तुटलेल्या तारेचाच हातभर तुकडा आणला.

साहेब हसला. “तारेसाठी शपथ घ्यायची, आणि तीही सरकारी तार तोडून?” हातमोजे काढण्याची त्याची इच्छा नव्हती. “तू धर,” तो मला म्हणाला. “माझ्या वतीने.”

रुलेल्होने दुसरे टोक पुढे करता करता हात आखडला.

“हात कोणाचा, लेविली?”

“साहेबाचाच समजा, आपो.” सासऱ्याला मी बापच म्हणत असे.

मी खोटे बोललो नाही. जो आठ वर्षे दुसऱ्याची जीभ म्हणून वापरला गेला, तो त्याचा हातही होऊ शकतो, असे मला प्रामाणिकपणे वाटले. ही चूक दुभाष्यावाचून कोणी करणार नाही.

कोयत्याचा घाव बसला. तार तुटली, पण लोखंड तुटताना येतो तसा आवाज आला नाही. मी त्याकडे विशेष लक्ष दिले नाही.

तीन दिवस सारे गाव राबले. पुरुषांनी खांद्यांवरून खांब चढवले, बायकांनी तारखात्याच्या माणसांना भात आणि सुक्या मांसाचा रस्सा पुरवला. तिसऱ्या दिवशी सकाळी कोहिमाच्या कचेरीत यंत्र पुन्हा टकटकू लागले. निबारण तारबाबूने निरोप उतरवून घेतला, दोनदा वाचला आणि कोणाकडेही न पाहता साहेबापुढे ठेवला. त्सेमोमाने जोडलेल्या तारेवरून आलेला पहिला निरोप असा होता की, इतर गावांना जरब बसावी म्हणून त्सेमोमा जाळावे.

“हुजूर, शपथ…” मी म्हणालो.

“कोणाची?” साहेबाने कागदाची व्यवस्थित घडी घातली. “मी तर हातमोजेसुद्धा काढले नव्हते.”

शिपाई जेवून निघणार होते. मी न जेवता निघालो. गाव चार मैलांवर. तासाभराची आघाडी मिळाली तर माणसे आणि निदान बियाण्याचे भात बाहेर निघाले असते.

वाटेत मोळ्या वाहणाऱ्या दोन बायका पुढे चालल्या होत्या. मी हाका मारल्या. त्यांनी वळून पाहिले नाही. वाऱ्याने आवाज उडवला असेल, असे मी मनाशी म्हटले. वारा नव्हता, गवताचे पातेही हलत नव्हते.

ओढ्यावर एक ओळखीचा माणूस पाय धूत बसला होता. मी त्याला सारे सांगितले. तो हसून म्हणाला, “काय रे, आज अबोला?”

वेशीच्या मोठ्या लाकडी दाराशी रुलेल्हो आणि चारपाच जण उन्हाला बसले होते.

“आपो, शिपाई येताहेत. बायकापोरांना बाहेर काढा.”

माझा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. समोरच्या डोंगरावरून तो परतही आला.

“बोल ना,” रुलेल्हो म्हणाला.

मी पुन्हा सांगितले.

“तोंड उघडतोय आणि मिटतोय. माझ्या जावयाचा मासा झाला!”

“साहेबानं जीभ जप्त केली वाटतं,” दुसरा म्हणाला. सगळे हसले.

मी कोठारांकडे बोट दाखवले. दोन्ही हातांची बोटे ज्वाळांसारखी वर वर नाचवली.

रुलेल्हो माझ्या हातांकडे पाहत राहिला. मग त्याचा चेहरा निवळला.

“अरे, गारठलाय तो. चुलीत लाकूड घाला.”

त्यांनी मला आत नेले.

विस्तवाजवळ बसवले.

हातात झूचा, तांदळाच्या दारूचा, पेला दिला.

मी ओरडत होतो. घशात रक्ताची चव आली.

एका म्हातारीने माझ्या खांद्यावर शाल टाकली.

मग बिगूल वाजला. तो सर्वांना ऐकू आला.

रुलेल्हो बियाण्याचे भात काढायला जळत्या कोठारात शिरला आणि परतला नाही. अहवालात असे आहे: ‘गावाने प्रतिकार केला नाही, शिक्षेचे न्याय्यत्व त्यांना पटले असावे.’ हे वाक्य मी स्वतः नकलून काढले आहे. अक्षर सुरेख आले. त्या दिवसानंतर माझी नेमणूक दप्तरखान्यात झाली होती. साहेब, तारबाबू, घेवरचंद यांना माझे बोलणे नीट ऐकू येई. आमच्या माणसांपैकी कोणालाही नाही. डॉक्टरांनी घसा निरोगी ठरवला.

अपवाद एकट्या खोनुओचा. मी पाणी मागितले की ती देई, विचारले की उत्तर देई. कधी उत्तर चुके. बाप गेल्याचे दुःख, असे मी समजे. वर्षाने एका संध्याकाळी मी तिला सर्व सांगितले: हातमोजे, तारेचे टोक, चार मैल. शेवटी विचारले, मला क्षमा आहे का? बराच वेळ माझ्याकडे पाहून ती म्हणाली, “हो.” त्या एका शब्दावर मी एकतीस वर्षे काढली.

गेल्या हिवाळ्यात तिने अंथरूण धरले. एके दुपारी म्हणाली, “लेविली, आता लपवून काय करायचं? गाव जळालं, त्या दिवसापासून मला तुझा आवाज आलेला नाही. ओठ बघून अंदाजानं बोलत आले. म्हटलं, तुला तरी कोणी हवं.”

मी तिच्या उशाशी पाणी ठेवले. बोललो असतो तरी फरक नव्हता, आणि लिहिलेले तिला वाचता येत नव्हते.

“पण एकदा तू खूप वेळ बोललास. रडलास. काहीतरी विचारलंस आणि मी हो म्हटलं. कशाला हो म्हटलं रे मी?”

मी सांगितले. दोनदा सांगितले.

ती माझ्या ओठांकडे लक्षपूर्वक पाहत राहिली, आणि मग, मला बरे वाटावे म्हणून, पुन्हा म्हणाली, “हो.”