उभी काठी

तव्यावरची मक्याची भाकरी करपत होती, आणि ती उलटायचं भान घरात कुणालाच उरलं नव्हतं... गावप्रमुख सेलेदोनियो टोपी हातात धरून दारात उभे होते. कोपऱ्यात झेंडूच्या सुकलेल्या माळेखाली अबुंदियोची काठी उभी होती. तीच न्यायला ते आले होते.

एवेलियानं मांडीवरच्या एलोइसाला उराशी घट्ट धरलं. आदल्या संध्याकाळीच नवव्या दिवसाची प्रार्थना संपली होती, शेवटची मेणबत्ती विझली होती, आणि आपला नवरा आता खरोखरच गेला हे तिच्या मनाला पहाटे कुठे उमगू लागलं होतं. एवढ्यात त्याची ही शेवटची खूणही घरातून निघाली!

डोंगरमाथ्यावरचं ते गाव पगारी माणसांवर चालत नसे, गावकीवर चाले. ज्याची पाळी येई त्यानं वर्षभर काठी घ्यायची, निरोप पोचवायचे, पाण्याचे पाट राखायचे, भांडणाऱ्यांना सभेपुढे उभं करायचं, आणि हे सारं फुकट. सगळ्यांत खालची काठी तोपिलची, म्हणजे गावच्या शिपायाची, आणि अबुंदियोकडे तीच होती. तिच्यापासून एकेक पायरी चढत माणूस घडायचा आणि केस पिकल्यावर गावप्रमुख व्हायचा. पण ज्या घराची काठी अर्ध्यात सुटली, त्या घराचा गावच्या जमिनीवरचा हक्क सुटला. मेलेल्याचं नावही मग चर्चच्या भिंतीवर, गावकी पुरी केलेल्यांच्या ओळीत, कधी लागत नसे.

अबुंदियोची काठी अर्ध्यातच सुटली होती. पाऊस थांबेना तेव्हा तो खालच्या वाडीत दार न् दार ठोठावत फिरला होता. सगळी वाडी लेकराबाळांसह वर आली. एक म्हातारी तेवढी मागं राहिली म्हणून तो पुन्हा उतरला, आणि डोंगर खाली आला...

सासरे एर्मेलिंदो, ज्यांना सारं गाव ताता म्हणे, भिंतीला टेकून बसले होते. उरलेली गावकी मी करतो, असं ते म्हणाले. सेलेदोनियोंनी हळूच समजावलं, की ताता, तुमची सगळी गावकी कधीच फिटली आहे आणि तुमचे गुडघे चर्चची पायरीसुद्धा चढू देत नाहीत. दुसऱ्या गावातून एखादा माणूस ठरवू, तो काठी फिरवेल. पण परका माणूस काठी फिरवतो तेव्हा नाव भिंतीवर लागत नाही, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मी घेते," एवेलिया म्हणाली.

सासू एउफ्रोसिनानं आता कुठे धावत येऊन भाकरी उलटली. त्या गावात बाईनं काठी घेतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, पण काठी घरानं पुरी करावी एवढंच रीत सांगत होती. घरातल्या कुणी, ते कधी कुणी विचारलंच नव्हतं. सेलेदोनियोंनी हातातली टोपी फिरवली आणि होकाराची मान हलवली.

ताता उठले. त्यांचा आवाज चढला नाही, पण तो आवाज एवेलियाच्या काळजात आयुष्यभर रुतून राहणार होता.

"माझ्या पोराला तू डोंगराखाली घातलंस. आता त्याची काठीही घेणार?"

कारण अबुंदियो जाणार होता... उत्तरेला, कामाला, गावातल्या इतर पोरांसारखा. ट्रकमध्ये त्याची जागाही ठरली होती. पण पोटातलं लेकरू बापाचा चेहरा न बघता मोठं होईल या कल्पनेनं एवेलिया कळवळली, आणि तिनं त्याला थांबवलं होतं. तो हसत थांबला होता. थांबला म्हणून काठीची पाळी त्याच्यावर आली होती.

हेच शब्द एवेलिया स्वतःला रोज ऐकवत होती. तिनं फक्त कोपऱ्यातली काठी उचलली, आणि ती तिला वाटली होती त्याहून जड निघाली.

त्या दिवसापासून तातांनी सुनेच्या हातची भाकरी सोडली. सासू वेगळी थापू लागली आणि एकदा पाणवठ्यावर कोमलपणानं म्हणाली, "पीठ तेच, तवा तोच, फक्त थापणारे हात माझे म्हणून म्हाताऱ्याला गोड लागते. चाळीस वर्षांत कधी म्हणाला नव्हता." एवेलिया हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

पाठीवर शेल्यात बांधलेलं बाळ आणि हातात काठी, अशी ती गावभर हिंडू लागली. चौकातले बाप्ये आधी हसले. "तोपिल आली बघा, पाळण्यासकट," कुणीतरी म्हणालं. ती वळून म्हणाली, "मग सांभाळून बोला काका, साक्षीदार पाठीवरच आहे." त्यावर जो हशा पिकला तो तिच्या बाजूचा होता. हळूहळू पाण्याच्या भांडणात लोक तिलाच बोलावू लागले. कारण ती आधी दोन्ही घरांच्या चुलीपाशी बसायची, बायकांचं ऐकायची, आणि भांडण सभेपर्यंत पोचायच्या आधीच अर्धं विरलेलं असायचं.

पण एक चूक तिच्या हातून झाली... आणि ती चूक साधी नव्हती.

गावकचेरीच्या बाकावर बसली असताना एलोइसा भुकेनं कळवळून रडू लागली. पाठीवरचं बाळ पुढं घ्यायचं, शेला सोडायचा, दोन हात त्यातच गुंतले. आणि क्षणभर, फक्त क्षणभर, तिनं काठी बाकावर आडवी ठेवली. त्या गावात काठी कधी आडवी होत नाही. भिंतीला टेकवा, दाराआड उभी करा, झोपताना उशाशी उभी ठेवा. आडवी ठेवायची ती फक्त मेलेल्याच्या शेजारी. समोरून सभेतले जुने मानकरी क्रिस्पिन येत होते. ते थबकले, क्रूसाची खूण केली, आणि काही न बोलता निघून गेले. त्यांचं ते न बोलणंच एवेलियाला जास्त बोचलं. अबुंदियो, मी तुझी काठी निजवली रे... ती बाळाच्या जावळात तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत आली तर बाकाशेजारी जमिनीत एक दुबेळकं ठोकलेलं होतं. साधी झाडाची फांदी, वर दोन बोटांसारखी फाटलेली, साल काढून गुळगुळीत केलेली, आणि बसलेल्या बाईचा हात जिथं पोचेल नेमकी तेवढ्याच उंचीची. तिनं काठी त्या बेचक्यात टेकवली. काठी उभी राहिली, दोन्ही हात मोकळे झाले, आणि बाळ पोटभर प्यालं. सेलेदोनियोंनी ठोकलं असणार, असं तिला वाटलं.

शेताचंही तसंच झालं. गावकीच्या धबडग्यात शेताकडे फिरकायला तिला उसंत नव्हती. तण माजलं असेल, मका पिवळा पडला असेल, या धास्तीनं ती एके दिवशी तिकडे गेली, तर मक्याच्या ओळी निंदून, बुंध्यांना माती लावून तयार! शेंगांचे वेल मक्याच्या ताटांवर नीट चढवलेले. खालच्या वाडीची माणसं! ज्यांना अबुंदियोनं वाचवलं, ती. एवेलियानं बांधावर उभं राहून मनोमन त्यांना हात जोडले.

वर्ष सरलं, आणि काठ्या परत करायची सभा भरली.

रीत अशी की काठी परत करणाऱ्याच्या गळ्यात त्याच्या घरातलं वडीलधारं माणूस फुलांची आणि गोड पावांची माळ घालतं. माळ पडली की गावकी पुरी झाली. एवेलियानं चोरून पाहिलं. ताता शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांचे हात रिकामे होते.

बोलायची पाळी आली तेव्हा तिनं आधी खालच्या वाडीचे आभार मानले. तुम्ही माझं शेत राखलंत, म्हणून मी गाव राखू शकले, असं ती म्हणाली. वाडीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्रान्सितो नावाची एक बाई चाचरत उठली.

"आम्ही गेलो होतो गं. पण तिथं आधीच कुणीतरी गुडघ्यावर बसून निंदत असायचं. आम्हाला हाकलून दिलं. वर दम भरला, सुनेला कळलं तर याद राखा म्हणून."

सभेत खसखस पिकली. एवेलियानं मात्र वळून शेवटच्या रांगेकडे पाहिलं... गुडघ्यावर बसून. उभं राहून निंदणं ज्याला जमत नाही, असा माणूस.

तेवढ्यात क्रिस्पिन उठले. त्यांच्या मनात वैर नव्हतं, रीत होती, आणि म्हणूनच त्यांना उत्तर देणं अवघड होतं. ही काठी वर्षात एकदा आडवी झाली, मी डोळ्यांनी पाहिलं, आणि आडवी झालेली काठी पुरी धरता येत नाही, एवढंच ते म्हणाले आणि खाली बसले. जमीन, भिंतीवरचं नाव, अबुंदियोचं ते दार न् दार ठोठावणं, सगळं त्या एका क्षणाच्या तोलावर आलं.

शेवटच्या रांगेत हालचाल झाली. ताता एर्मेलिंदो भिंतीचा आधार घेत उठले.

"क्रिस्पिन, आपण दोघांनी एकाच वर्षी पहिली काठी घेतली होती. आठवतं? माझी काठी कधी आडवी झाली नाही. मला वाटायचं, मी फार खंबीर." त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. "खंबीर कसला. माझी पोरं हिनं पाजली. माझं शेत हिनं निंदलं. माझी काठी एउफ्रोसिनानं उभी धरली होती, आणि सभेत मान माझा झाला. या पोरीला तसं कुणी नव्हतं. काठी तिच्या चुकीनं आडवी झाली नाही. गावाचा हात तिथं नव्हता, म्हणून झाली. मग मी एक दुबेळकं ठोकलं. एवढंच तर लागत होतं."

एउफ्रोसिना शेल्याआडून पुटपुटली, "चाळीस वर्षांनी सुचलं," पण तिचे गाल ओले होते.

क्रिस्पिननी आपली टोपी काढली. एकामागून एक सगळ्या सभेनं टोप्या काढल्या!

तातांनी एउफ्रोसिनाच्या टोपलीतून माळ उचलली. ती पहाटेच गुंफून ठेवली होती, म्हातारीला सारं ठाऊक होतं. ते लंगडत सुनेसमोर आले. एवेलियाला त्यांचा चेहरा दिसेना, डोळ्यांतलं पाणी खळेना... माळ गळ्यात पडली, आणि तिला पावांचा ताजा वास आला.

"डोंगर तू पाडला नाहीस, मुली," ते म्हणाले. "आज मला तुझ्या हातची भाकरी दे."

आणि त्याच सभेत तातांनी अबुंदियोच्या वाटणीचं शेत गावाच्या ओटीत घातलं. त्या शेतातला मका दरवर्षी अशा घरी जाईल, जिथली पोर किंवा पोरगा काठी घ्यायला तयार आहे पण ज्याच्या मागं घर बघणारं कुणी नाही. गावानं त्यात श्रम घातले, उत्तरेला गेलेल्या पोरांनी जमेल ते धाडलं, शेजारच्या गावांनी हात लावला, आणि अबुंदियो स्मृती प्रतिष्ठान उभं राहिलं. चर्चच्या भिंतीवर त्याचं नाव लागलं, आणि कचेरीच्या दारावर प्रतिष्ठानची खूण रंगवली गेली: एक दुबेळकं, त्यात एक उभी काठी.

आता, इतक्या वर्षांनी, दूरदूरची माणसं येतात. तुम्ही पुढारी कसे घडवता, कोणते धडे देता, म्हणून विचारतात. यंदा एवेलियाच गावप्रमुख आहे. ती त्यांना चुलीपाशी बसवून गरम भाकरी वाढते आणि सांगते, की काठी पेलायची ताकद ज्याची त्यानंच आणायची असते. आम्ही ती द्यायला जात नाही. आम्ही फक्त विचारतो, तुझी काठी कशामुळे आडवी होईल? मूल, शेत, आजारी आई, न येणारं वाचन... जे असेल त्याच्या शेजारी दुबेळकं ठोकतो.

ती दुबेळकी अजूनही तातांच्याच हातची असतात. त्यांचे डोळे गेले आहेत, पण चाकू बोटांना ओळखतो. नवी काठी घेणारं कुणी आलं की ते अंगणातल्या बाकावर बसवतात आणि म्हणतात, बस, आणि बसल्यावर हात कुठवर येतो ते दाखव.

या वर्षी पहिली काठी घ्यायला एक उंच मुलगी आली. हसू दाबत, काही न बोलता बसली आणि हात पुढं केला. तातांनी मनगट चाचपलं, कोपरापर्यंत बोटं नेली, आणि चाकू खाली ठेवला.

"एलोइसा," ते म्हणाले, "तुझ्या बापाचा हात इथवरच यायचा."

मग त्यांनी फांदीवर खूण केली, आणि नातीचा हात न सोडता सुनेला हाक मारली, की गं पोरी, तव्यावरची उलट, करपतेय.