चव्वेचाळीस वेळा हरलेली मुलगी

जिंकण्यासाठी लबाडी केली तर शिक्षा होते, हे कुणालाही पटेल. पण हरल्याबद्दल शिक्षा? वल्लरी डोंगरदिवेला ती झाली होती आणि सकाळपासून तिचं डोकं चक्रावलं होतं.

निरोप दोनच ओळींचा होता. ‘अखिलाडू वर्तनाबद्दल (खेळाची भावना सोडून वागल्याबद्दल) तुझं आकाश दहा दिवस बंद. दाद मागायची असल्यास पंचांना भेटावं.’ आणि रविवार तर चार दिवसांवर आला होता.

वल्लरी अकरा वर्षांची. ती आईबरोबर लोणारला राहायची. आई तिथल्या सरोवराच्या खारट पाण्यातले जीवाणू (डोळ्यांना न दिसणारे बारीक सजीव) अभ्यासायची. बाबा आणि सात वर्षांचा निनाद मात्र वर्षभरासाठी चंद्रावरच्या वसाहतीत गेले होते. रोज बोलणं व्हायचं, चेहरे दिसायचे, तरी निनाद खरोखर शेजारी आहे असं वल्लरीला एकाच ठिकाणी वाटायचं, ते म्हणजे ‘अधांतर’ या खेळात.

रुईचं बोंड फुटलं की पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर सुटतात ना, अधांतरमध्ये प्रत्येक खेळाडू तशी एक म्हातारी होतो. चष्मा डोळ्यांवर चढवायचा, एक हलकी फुंकर मारायची, की पायाखालची जमीन सुटते. मग गार वारा कुठून येतोय, उबदार हवा कुठे वर चढतेय, हे अंगानं ओळखत तरंगत राहायचं. खाली निळसर शेतं, वर दुधी उजेड, आणि कानात फक्त हवेची कुजबुज. जो सगळ्यात शेवटी जमिनीला टेकेल तो जिंकला. खेळ इतका संथ, की चंद्रावरून संदेश यायला लागणारा सव्वा सेकंदही त्यात कुणाला जाणवत नाही.

रविवारी जोडउड्डाण होतं. त्यात दोन म्हाताऱ्या कोळ्याच्या धाग्यानं एकमेकींना बांधून उडतात. निनादचं महिनाभर दुसरं काही चाललंच नव्हतं. “ताई, धागा तुटला तर मी चंद्रावर पडेन की लोणारात?” असं तो रोज विचारायचा.

घोडं अडलं होतं ते रेटिंगपाशी. रेटिंग (खेळाडू किती तरबेज आहे याचा यंत्रानं आकड्यात मांडलेला अंदाज) वल्लरीचं होतं चौदाशे पन्नास आणि निनादचं जेमतेम पाचशे. जोडीत अडीचशेपेक्षा जास्त फरक चालत नाही. निनाद काही आठवड्याभरात वर चढणार नव्हता. मग वल्लरीनं ठरवलं, आपणच खाली उतरू. शाळेतून आल्यावर ती आकाशात जायची आणि स्वतःला अलगद जमिनीवर सोडून द्यायची. आठ दिवसांत ती चव्वेचाळीस सामने हरली आणि तिचा आकडा सातशे शेहेचाळीसवर आला. आपल्या हुशारीवर ती भलतीच खूश होती.

म्हणूनच चष्मा चढवून अधांतरच्या जमिनीवर पंचांना भेटायला जाताना ती चांगलीच तणतणत होती.

पंच म्हणजे खेळावर लक्ष ठेवणारं यंत्र. त्याला रूप नव्हतं, पण दाद मागायला आलेली मुलं बावरू नयेत म्हणून ते एका छोट्या ढगाच्या रूपात यायचं. हा ढग येऊन तिच्यासमोर ऐसपैस बसला, पाहुणे जेवायला पाटावर बसतात तसा.

“बोल बाळ,” ढग म्हणाला.

“मी कुणाचं काही घेतलं नाही,” वल्लरी म्हणाली. “उलट चव्वेचाळीस वेळा दुसऱ्यांना जिंकू दिलं. आणि मी मुद्दाम हरले हे तुम्हाला कसं कळलं? वारा पडला असेल.”

“एक नाणं घे. ते चव्वेचाळीस वेळा उडव. दर वेळी काटाच पडेल?”

“नाही पडणार.”

“पडेल, पण सतरा लाख कोटी वेळा हा खटाटोप केलास तर त्यातून एकदा. तुझे सुरुवातीचे सामने तुझ्याच तोडीच्या मुलांशी होते, म्हणजे निम्मे तरी तू जिंकायला हवे होतेस. नंतरची मुलं तर तुझ्यापेक्षा कच्ची होती. वारा एवढा कुणावर रुसत नाही.”

वल्लरीची चोरी पकडली गेली होती, तरी ती चोरी कशी, हे तिला अजून कळत नव्हतं.

“आता हे सांग,” पंच म्हणाले. “हरलीस की तुझे सोळा गुण कमी होतात. ते जातात कुठे?”

“जो जिंकतो त्याला मिळतात.”

“बरोबर. रेटिंगमध्ये नवीन गुण आकाशातून पडत नाहीत. एकाचे जातात ते दुसऱ्याचे होतात. म्हणजे तुझा आकडा एकटा तुझा नसतो. तू ज्यांच्याशी खेळलीस, ते ज्यांच्याशी खेळले, त्या सगळ्यांचे आकडे एकमेकांत गुंतलेले असतात. शिंपी माप घेताना तू पोट आत ओढलंस, आणि सदरा बिघडला दुसऱ्याचा.”

“कुणाचा बिघडला?”

ढग वर सरकला आणि फक्त बघण्यापुरती वल्लरीही त्याच्याबरोबर वर उचलली गेली. हजार गुणांच्या पुढच्यांसाठी आकाशाचा वेगळा थर होता. तिथला वारा दांडगा. तिथे पंचांनी तिला गेल्या चार दिवसांतले सामने दाखवले. केशरी ठिपका असलेली एक म्हातारी वर यायची, वारा तिला गरकन फिरवायचा आणि खाली आपटायचा. पुन्हा वर, पुन्हा खाली. वल्लरी मोजत होती. सतरा वेळा. शेवटच्या वेळी ती म्हातारी निळ्या शेतात बराच वेळ नुसती पडून राहिली आणि मग दिसेनाशी झाली.

“हा फैजान तांबोळी, मिरजेचा. वय दहा. दुपारी तीनला आकाशात गर्दी नसते, म्हणून तुझी त्याच्याशी नऊदा गाठ पडली. नऊ वेळा तू त्याला जिंकवलंस आणि तो एकदम वरच्या थरात जाऊन बसला. आपण खूप सुधारलो असं त्याला वाटलं. मग आपल्याला काहीच येत नाही असं वाटलं. परवा त्यानं खेळ सोडला.”

वल्लरीला तो केशरी ठिपका चांगला आठवत होता. नवव्या वेळी जिंकल्यावर त्यानं आनंदानं गिरकी घेतली होती आणि तिला हसू आलं होतं.

“पण मला निनादबरोबर उडायचं होतं,” ती हळूच म्हणाली. “तो लहान आहे. लहानांना खेळात घ्यायला नको का? आमच्या गल्लीत आम्ही घेतो की, कच्चा लिंबू म्हणून.”

“म्हणजे काय?”

एवढ्या हुशार यंत्राला कच्चा लिंबू माहीत नाही याचं वल्लरीला नवल वाटलं. “म्हणजे छोटं पोर खेळायला आलं की त्याला कच्चा लिंबू करायचं. ते सगळ्यांबरोबर पळतं, लपतं, पण आउट झालं तरी त्याच्यावर राज्य येत नाही.”

“मग तेही खोटंच झालं की,” पंच म्हणाले. “आउट झालेल्याला आउट धरायचं नाही.”

“खोटं कसं? सुरुवातीलाच मोठ्यानं सांगतो आम्ही. सगळ्यांना माहीत असतं कोण कच्चा लिंबू आहे ते. कुणी फसत नाही त्यात. मी तर फैजानला...”

आणि ती थांबली. वाक्य पुरं करायची गरजच उरली नाही.

“सवलत देणं वाईट नव्हतं,” वल्लरीच म्हणाली. “चोरून दिली ते वाईट होतं. त्याला माहीतच नव्हतं.”

“मला हे इतकं सोपं करून सांगता आलं नसतं,” पंच म्हणाले. “हा लिंबू मी पंचमंडळापुढे ठेवतो.”

जगभरात असे सात पंच होते. यंत्रांच्या बैठकीत चहापाणी नसतं, त्यामुळे ती तीन मिनिटांत आटोपली. नियम ठरला. जोडउड्डाणात एका जोडीदाराला कच्चा लिंबू होता येईल, मग दोघांत अडीचशेपेक्षा जास्त फरक असला तरी चालेल. त्याच्यावर सगळ्यांना दिसेल असा हिरवा ठिपका असेल, तो तीनदा टेकला तरी पुन्हा उडेल, आणि त्या जोडीचे गुण वाढणारही नाहीत, घटणारही नाहीत.

वल्लरीचा चेहरा उजळला. “मग माझी शिक्षा?”

“ती तशीच राहील. आम्हाला त्या दहा दिवसांत चव्वेचाळीस सामन्यांत गुंतलेल्या सगळ्यांचे आकडे पुन्हा मोजायचे आहेत. गुण मी परत घेऊ शकतो. त्या मुलाला खेळातला आनंद कसा परत द्यायचा ते मला कळत नाही. ते काम माणसाचं.”

त्या संध्याकाळी वल्लरीनं पंचांमार्फत फैजानला विचारलं आणि त्याचा होकार आल्यावर फोन लावला. आई शेजारी बसली होती, पण तिनं एका शब्दाचीही मदत केली नाही. वल्लरीनं सगळं सांगून टाकलं.

“नऊच्या नऊ?” फैजाननं विचारलं.

“नऊच्या नऊ.”

“मी घरात पेढे आणायला लावले होते. अम्मीनं शेजारी पण वाटले.”

वल्लरीला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. “चुकलं माझं,” ती म्हणाली. मग नाक पुसून तिनं निनादबद्दल सांगितलं, कच्च्या लिंबाबद्दल सांगितलं. “रविवारी तू उडशील का त्याच्याबरोबर? त्याला दुसरं कुणी नाही.”

“मी काय एवढा भारी नाही. आता कळलंच की आपल्याला.”

“तोही नाही,” वल्लरी म्हणाली.

फैजान हसला. अगदी थोडं, पण हसला. “बरं. येतो म्हणून सांग त्याला.”

हे निनादला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तो रुसला, एक दिवस बोललाच नाही. ताईनं लबाडी केली हे त्याला समजलं, पण ताई नसणार हे पटेना.

रविवारी वल्लरी अधांतरच्या जमिनीवर उभी राहिली. आकाश बंद असलेल्यांना तेवढी मुभा होती. डोक्यावर हजारो म्हाताऱ्या दोन-दोननं तरंगत होत्या, मधले धागे उन्हात मधूनच चमकत होते. तिनं हिरवा ठिपका शोधून काढला. त्याच्या शेजारी केशरी ठिपका होता. हिरवा भरकटला की केशरी थांबायचा, हिरवा टेकला की केशरी खाली येऊन त्याला पुन्हा उबदार हवेत न्यायचा. वल्लरीला वर जावंसं इतकं वाटलं की तिनं नकळत एक फुंकर मारली, पण पाय जमिनीवरच राहिले. शेवटी दोघं चौथ्यांदा, कायमचे, तिच्या पायांपासून हातभर अंतरावर टेकले. एक हजार जोड्यांत त्यांचा नंबर सहाशे बारावा होता.

“ताई, आम्ही हरलो,” निनाद धापा टाकत म्हणाला.

“बघितलं मी.”

“आम्ही मुद्दाम नाही हरलो. फैजानदादाला विचार. आम्हाला खूप जिंकायचं होतं.”

“माहीत आहे,” वल्लरी म्हणाली. आपल्या चव्वेचाळीसांतला एकही सामना असा नव्हता, हे तिला त्या क्षणी कळलं आणि लहान भावाचा हेवा वाटला.

“सहा दिवसांनी तुझं आकाश उघडेल ना?” फैजाननं विचारलं. “मग माझ्याशी एक सामना खेळ. मला बघायचंय, मी तुला हरवू शकतो का.”

“नाही हरवू शकणार,” वल्लरी म्हणाली. “मी जीव तोडून खेळणार आहे.”

“तेच पाहिजे,” फैजान म्हणाला.