ओली पत्ती

ग्युमरीतलं मुशेग उस्तादांचं घर आता संग्रहालय झालं आहे. दोनच खोल्या. रोज सकाळी मी कुलूप काढतो, शेगडी पेटवतो, काचेची पेटी पुसतो. पेटीत उस्तादांचा जर्दाळूच्या लाकडाचा दुदुक आहे, सनईसारखं फुंकायचं वाद्य, तोंडाशी बोरूची पत्ती. आर्मेनियाभर त्यांचं नाव होतं. शाळेच्या पुस्तकात त्यांचा फोटो आहे. त्यात शेजारच्या माणसाचा फक्त गुडघा आला आहे. तो माझा.

दुदुक एकट्याने वाजवत नाहीत. एक जण धून वाजवतो, दुसरा तळाशी एकच सूर धरून बसतो, गाल फुगवून, श्वास न तोडता. धून संपेपर्यंत सूर सोडायचा नाही, हा आमच्यातला रिवाज. मी जन्मभर तो सूर धरला. जमला की नाही, अजून खात्री नाही. गेल्या हिवाळ्यात धून अर्ध्यावर असताना उस्ताद खुर्चीतच गेले. मी माझं वाद्य फडक्यात गुंडाळून ठेवलं. छाती थकली होती. दुःखातही, सुटलो असं वाटलं; आता निवांत पुस्तकं वाचता येतील.

पत्ती सुकली की तिचं तोंड मिटतं. ओली करून ऊब दिली की उघडतं. एका सकाळी पेटीतली पत्ती उघडी दिसली. बोट लावून पाहिलं. ओलसर होती, आणि कोमट. शेगडी अजून पेटायची होती.

उस्तादांच्या पत्नी मागच्या अंगाला राहतात. मी त्यांना विचारलं, "हेगिने वहिनी, पेटी उघडली होती का?"

"मी कशाला उघडू? ते होते तेव्हा त्या थुंकीला हात लावला नाही, आता लावीन?" त्या कॉफी ओतत म्हणाल्या. "चष्मा बदला, संबात भावजी. पुस्तकांनी डोळे गेले तुमचे."

असेल. मी पत्ती सुकवून तिला टोपण बसवलं. दुसऱ्या दिवशी टोपण बाजूला पडलं होतं.

स्मृतिदिन जवळ आला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "एकदाच सूर धरा. मग खुशाल वाचत बसा."

"नुसता सूर कोण ऐकणार?"

"मी ऐकेन. इतकी वर्षं तेच करत आले. तुम्हालाच वाटतं, कोणी ऐकत नाही."

स्मृतिदिनाच्या दुपारी माझं वाद्य घेऊन पाहुण्यांसमोर बसलो. समोर उस्तादांची रिकामी खुर्ची. डोळे मिटून सूर धरला. मला ऐकू येत होता तो माझाच सूर, आणि छातीतली घरघर. शेवटी दम पुरेना. थांबलो.

कोणी टाळी वाजवली नाही. वहिनींचे गाल ओले होते.

"ही तर उस्ताद गेले त्या दिवशीची धून," शेजारचा वाहाक न्हावी पुटपुटला. "टेप कुठे लपवलाय?"

"कुठली धून?" मी विचारलं.

तो वाकून रिकाम्या खुर्चीखाली बघू लागला.

सगळे गेल्यावर मी वहिनींना हळूच विचारलं, "पूर्ण झाली का?"

त्या कप आवरत होत्या.

"होत आली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही थांबलात, मग तेही थांबले."

घरी येऊन मी माझी पत्ती शेगडीजवळ खडखडीत सुकवली. वाद्य फडक्यात गुंडाळून पुस्तकांमागे सारलं.

सकाळी फडक्यावर ओला डाग होता.

हात लावला. कोमट होता.